पाण्यात उतरण्याआधी मनाची तालीम

सागरी जलतरण, प्रस्तरारोहण, मल्लखांब अशा वेगळ्या वाटेवरच्या खेळाडूंसाठी मानसिक कौशल्यांची ओळख

मांडवीवरून दिसणारे दोन खेळ

रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर उभं राहिलं की दक्षिणेला भाट्याच्या खाडीचं मुख दिसतं आणि उत्तरेकडे समुद्रात शिरलेला रत्नदुर्गाचा डोंगर. संध्याकाळी भेळ खायला, वारा घ्यायला सगळं शहर इथल्या काळसर वाळूवर येतं. तलावात पोहायला शिकलेली एखादी मुलगी पहिल्यांदा याच पाण्यात उतरते, तेव्हा तिच्यासमोरचं दृश्य मात्र वेगळं असतं. इथे लेनची दोरी नाही, धरायला भिंत नाही, तळ दिसत नाही. रत्नदुर्ग माउंटेनिअर्ससारख्या संस्थांमुळे रत्नागिरीतली मुलं कड्यांवरही जाऊ लागली आहेत. तिथे एखादा मुलगा पहिल्यांदा दोरावर भार टाकून मागे झुकतो. हार्नेस पक्का आहे हे त्याला दिसत असतं, तरी पाय कड्याची धार सोडायला तयार नसतात.

दोघांचेही हातपाय तयार असतात. अडतं ते मनाशी. शरीराच्या तयारीसाठी आपण महिनोन्‌महिने घाम गाळतो आणि मनाच्या वाट्याला आदल्या संध्याकाळचं 'घाबरू नकोस, जमेल तुला' एवढंच येतं. मन शिकवता येतं, त्याचा सराव ठरवून करता येतो आणि तो पहिल्या दिवसापासून करायला हवा. हा सराव कसा करायचा, ते पुढे सविस्तर पाहू.

पर्यायी खेळ म्हणजे कोणते

क्रिकेट, कबड्डी, खो-खो यांना आखलेलं मैदान असतं, पंच असतात, ठरलेली वेळ असते, शाळेत संघ असतो. या चौकटीबाहेरचे अनेक खेळ आज तरुणांना खुणावत आहेत: समुद्रातलं लांब पल्ल्याचं पोहणं, प्रस्तरारोहण, सर्फिंग, स्केटबोर्डिंग, पॅराग्लायडिंग, शिडाच्या नौकेतून एकट्यानं केलेला प्रवास, डोंगरवाटांवरची लांब धाव. मल्लखांब तर आपल्या मातीतला जुना खेळ, पण बक्षिसं आणि प्रसिद्धी यांच्या हिशेबात तोही बराच काळ बाजूलाच राहिला.

आता चित्र बदलतं आहे. खुल्या पाण्यातलं १० किलोमीटर पोहणं २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये आलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग, स्केटबोर्डिंग आणि स्पोर्ट क्लायंबिंग यांचा समावेश झाला. मुंबईच्या गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेच्या पुढाकारानं २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत क्लायंबिंगच्या विश्वचषकाच्या फेऱ्या झाल्या. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. २०२२ मध्ये राज्य शासनानं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. आपल्या शेजारी मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धेला शेकडो मुलं येतात. खेळ मोठे होत आहेत, खेळाडूही वाढत आहेत. मनाच्या प्रशिक्षणाची सोय मात्र त्या वेगानं वाढलेली नाही.

इथला ताण वेगळा का असतो

पहिलं कारण म्हणजे धोका खरा असतो. क्रिकेटमध्ये चूक झाली तर विकेट जाते, समुद्रात किंवा कड्यावर जीव जाऊ शकतो. त्यामुळे इथली भीती खोटी नाही. ती हसण्यावारी नेणं किंवा दाबून टाकणं दोन्ही चूक आहे.

दुसरं कारण, मैदान स्थिर नसतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे कालच्या वेळेला आज तसंच पाणी मिळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरात असते, सप्तमी-अष्टमीच्या भांगात पाणी त्यामानानं संथ असतं. वारा फिरला की लाट फिरते.

तिसरं कारण एकटेपणाचं. दहा-बारा तास पाण्यात तोंड खाली घालून पोहणाऱ्याला टाळ्या ऐकू येत नाहीत आणि धावफलकही दिसत नाही. सोबत असतात ते फक्त स्वतःचे विचार.

चौथं कारण घरातलं आणि समाजातलं. 'हा काय खेळ आहे का, यातून नोकरी मिळणार का' हा प्रश्न या खेळाडूच्या पाठीवर कायमचा बसलेला असतो. खर्च स्वतःचा, प्रशिक्षक दूरच्या शहरात आणि बरोबरीनं सराव करणारे चार-दोन. या सगळ्याचा भारही मनावरच येतो.

मानसिक कौशल्य प्रशिक्षण म्हणजे काय

खेळाडूच्या मनाचा अभ्यास नवा नाही. अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये एकट्यानं सायकल चालवणारा आणि इतरांबरोबर शर्यतीत उतरलेला सायकलस्वार यांच्या वेगातला फरक अभ्यासला. १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी इलिनॉय विद्यापीठात खेळाच्या मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. महाराष्ट्रात हे काम नेमबाजांपर्यंत आणि इतर खेळाडूंपर्यंत नेणारं मोठं नाव म्हणजे नाशिकचे भीष्मराज बाम. पोलिस सेवेत अधिकारी राहिलेल्या बाम यांनी योगशास्त्रातली एकाग्रता, श्वास आणि शिथिलीकरण यांचा उपयोग खेळाडूला समजेल अशा भाषेत मांडला. २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं, पण त्यांनी घालून दिलेली वाट आपल्या मातीतली आहे आणि आजही उपयोगी आहे.

या प्रशिक्षणात साधारण पाच-सहा कौशल्यं असतात: ध्येय ठरवणं, श्वासावर ताबा, मनातला सराव, स्वतःशी बोलणं, लक्ष हवं तिथे ठेवणं आणि सुरुवातीचा ठरलेला क्रम. त्यांचा उपयोग होतो याला पुरावा आहे. इंग्लंडमधल्या पोर्ट्‌समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पोहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकदम गार पाण्यात पडल्यावर माणसाला धाप लागते, श्वास रोखता येत नाही आणि बुडण्याचा धोका तिथेच सुरू होतो. संशोधकांनी काही जणांना ध्येय, मनातला सराव, स्वसंवाद आणि ताणावर ताबा ही कौशल्यं शिकवली. त्यानंतर गार पाण्यात श्वास रोखण्याचा त्यांचा वेळ लक्षणीय वाढला. हे प्रशिक्षण न मिळालेल्या गटात तसा बदल दिसला नाही.

भीती आणि श्वास

येर्क्स आणि डॉडसन या शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे एक सूत्र रूढ झालं: उत्तेजना अगदी कमी असेल तर काम ढिलं होतं, मध्यम असेल तर उत्तम होतं, फार वाढली तर बिघडतं. काम जितकं अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते. म्हणून कड्यावर किंवा लाटेत उतरताना थोडी धडधड असणं चांगलंच. ती शरीर जागं असल्याची खूण आहे. तिला हवी त्या पातळीवर आणणं, एवढंच आपल्याला शिकायचं आहे.

त्याचं सर्वात जवळचं साधन म्हणजे श्वास. नाकानं चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा ते आठ आकडे मोजत तो सावकाश सोडा. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते, खांदे सैल पडतात. दोन मिनिटं पुरतात. हा सराव घरी, बसमध्ये, अभ्यासाच्या टेबलावर रोज केला तरच तो किनाऱ्यावर कामाला येतो.

इथे एक इशारा महत्त्वाचा. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून आधी भराभर खोल श्वास घेण्याची सवय काही मुलांना असते. ती जीवघेणी आहे. भराभर श्वासांमुळे शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा जागी होते. तोवर मेंदूला प्राणवायू कमी पडून माणूस पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. श्वासाचे व्यायाम जमिनीवर, बसून करायचे.

पाण्यात घाबरल्यास पहिली कृती कोणती, हेही आधीच शिकून ठेवावं. हातपाय मारू नयेत. उताणं होऊन तरंगावं, श्वास जागेवर येऊ द्यावा, मग हात वर करून मदत मागावी. समुद्राकडे खेचणाऱ्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे थेट झुंजत जाण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडावं. ही कृती माहीत असणं पुरेसं नाही, तलावात तिचा इतका सराव हवा की घाबरलेल्या मनालाही ती आपोआप आठवेल.

मोठ्या अंतराचे लहान तुकडे

इंग्लिश खाडी सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे आणि प्रवाहामुळे प्रत्यक्ष पोहणं त्याहून जास्त होतं. नियम कडक. पोहताना नौकेला हात लावायचा नाही, खाणंपिणं नौकेवरून दोरीनं किंवा काठीनं दिलं जातं. पुण्याचे रोहन मोरे यांनी ही खाडी २०१४ मध्ये पार केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून त्यांनी जगातल्या सात अवघड सागरी मार्गांची, म्हणजे 'ओशन्स सेव्हन'ची, मालिका पूर्ण केली. असं करणारे ते पहिले आशियाई. मुंबईच्या प्रभात कोळी यांनी २०२३ मध्ये हीच मालिका पुरी केली.

एवढं अंतर एका घासात गिळता येत नाही. लांब पल्ल्याचे पोहणारे एका फीडपासून, म्हणजे नौकेवरून मिळणाऱ्या खाण्यापिण्यापासून, पुढच्या फीडपर्यंत पोहतात. साधारण अर्ध्या तासाचा हा एक तुकडा. त्या अर्ध्या तासात पाहायचं ते इतकंच की कोपर वर राहतंय का, श्वास लयीत आहे का.

ध्येयं तीन प्रकारची असतात. निकालाचं, उदाहरणार्थ पहिला क्रमांक. कामगिरीचं, जसं ५ किलोमीटर अमुक वेळात. आणि कृतीचं, जसं दर आठ हातांनंतर मान वर करून दिशा पाहायची. पहिलं आपल्या हाती नसतं, दुसरं थोडंफार असतं, तिसरं पूर्णपणे असतं. वही उघडून तिन्ही लिहावीत, मात्र पाण्यात उतरताना तिसरंच बरोबर न्यावं.

मनातला सराव

डोळे मिटून कृती मनात करून पाहणं हे जुनं आणि कसाला उतरलेलं साधन आहे. अमेरिकेचे एडमंड जेकबसन यांना १९३० च्या सुमारास दिसलं की माणूस हात हलवल्याची नुसती कल्पना करतो, तेव्हाही त्या हाताच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत हालचाल होते. होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा असा, की मनातला सराव प्रत्यक्षाच्या जितका जवळ, तितका उपयोगी. अंगावर तोच पोशाख, तीच जागा, तोच वेळ आणि तीच भावना.

म्हणून मांडवीला पोहणाऱ्या मुलीनं 'मी जिंकले' असं दृश्य मनात आणून भागत नाही. तिनं खारं पाणी जिभेवर आणावं. गॉगल्सचा काच डोळ्यांभोवती जाणवू द्यावा. पहिली लाट तोंडावर येते, श्वास चुकतो, एक घोट पोटात जातो, आपण दोन हात छातीवरचं पोहून पुन्हा लयीत येतो, हे सगळं मनात घडू द्यावं. अडचण आणि तिच्यावरचा उपाय दोन्ही त्या दृश्यात हवेत. प्रस्तरारोहक मुलांनी कड्याचा फोटो समोर ठेवून कोणता हात कुठल्या खाचेत, कोणता पाय कुठे, असा सगळा मार्ग मनात चढून पाहावा. मल्लखांब करणारी मुलं अढीपासून उतरणीपर्यंतचा संच डोळे मिटून, ठरलेल्या वेळात करून पाहू शकतात. दिवसाला दहा मिनिटं पुरे.

स्वतःशी काय बोलायचं

थकव्यात मन बोलायला लागतं आणि बहुतेकदा विरोधात बोलतं. 'किनारा अजून किती लांब आहे', 'हात गळाला', 'उगाच आलो'. हा आवाज बंद करायला गेलं तर तो वाढतो. त्याच्या जागी आधीपासून ठरवलेलं दुसरं वाक्य आणावं लागतं.

अशी वाक्यं दोन प्रकारची करावीत. तंत्र सांभाळणारी: 'हात लांब', 'टाच खाली', 'आधी पाय, मग हात'. आणि धीर देणारी: 'पुढच्या बाटलीपर्यंत', 'हेही जमलंय याआधी'. नाजूक, नेमक्या हालचालीला पहिली वाक्यं जास्त कामी येतात, लांबच्या दमछाकीला दुसरी. स्वतःला नावानं हाक मारून बोलल्यास भावनेपासून थोडं अंतर मिळतं, असं अलीकडच्या संशोधनातही दिसलं आहे. शब्द मात्र आपल्या घरातले हवेत. आजी ज्या बोलीत धीर देते, त्या बोलीतलं वाक्य पुस्तकी घोषणेपेक्षा खोल जातं.

लक्ष कुठे ठेवायचं

रॉबर्ट नायडेफर यांनी १९७६ मध्ये लक्षाचे दोन अक्ष मांडले: विस्तृत की अरुंद, आणि आतलं की बाहेरचं. समुद्रात या चारही प्रकारांची गरज पडते. उतरण्यापूर्वी वारा, लाट, होड्यांची ये-जा पाहायची, म्हणजे विस्तृत आणि बाहेरचं लक्ष. त्यावरून आजचा बेत ठरवायचा, तेव्हा ते विस्तृत आणि आतलं होतं. पोहताना दीपगृहासारखी एकच खूण धरायची, ते अरुंद आणि बाहेरचं. मधूनच खांदा दुखतोय का, तहान लागली का हे तपासायचं, तेव्हा ते अरुंद आणि आतलं.

चांगला खेळाडू या चारांत ये-जा करायला शिकतो. सराव सोपा आहे. किनाऱ्यावर बसून एक मिनिट फक्त क्षितिज पाहा, एक मिनिट एकच होडी, एक मिनिट फक्त श्वास, एक मिनिट पायाच्या तळव्याखालची वाळू. मग क्रम बदला.

ठरलेला क्रम

मल्लखांबपटू खांबाला वंदन करून सलामीनं सुरुवात करतो. परंपरेनं दिलेली ही गोष्ट मानसशास्त्राच्या दृष्टीनंही मोलाची आहे. रोज त्याच क्रमानं सुरुवात झाली की शरीराला आणि मनाला 'आता खेळ' हा निरोप मिळतो. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी असंख्य मुलांना, दृष्टिहीन मुलांनाही, मल्लखांब शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डोळ्यांनी न दिसणारं मूल खांबावर निःशंक चढतं, त्यामागे स्पर्श, क्रम आणि शिक्षकाच्या आवाजावरचा विश्वास यांची भक्कम घडी असते.

आपलाही क्रम बनवा: सामान तपासणं, सोबत्याशी इशाऱ्यांची उजळणी, तीन लांब श्वास, एक वाक्य, मग पाण्यात पाऊल. कड्यावर गाठ आणि हार्नेस एकमेकांनी तपासणं या क्रमातच हवं, कारण घाईत आणि उत्साहात सुरक्षेच्या गोष्टीच सर्वात आधी विसरल्या जातात.

परत फिरणं हेही कौशल्य

अमेरिकेच्या अ‍ॅलेक्स होनोल्डनं ३ जून २०१७ रोजी एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटरचा कडा दोराशिवाय चढला. त्याचं धाडस जगाला माहीत आहे. त्याआधी २०१६ मध्ये तो असाच निघाला होता आणि मन साथ देत नाही हे ओळखून थोड्या उंचीवरून परत फिरला होता, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. त्याचं एकट्याचं दोराविना चढणं कोणी मुळीच गिरवू नये. शिकायचं ते त्याचं परत फिरणं.

कोकणच्या किनाऱ्यावर हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. हा अंदाज आहे, स्पर्धेसाठी छापील तक्ता पाहावाच. पण समुद्र वाचता आला की अनाठायी भीती कमी होते आणि रास्त भीती वेळेवर जागी होते.

परत फिरण्याचे नियम जमिनीवर, शांत डोक्यानं, लिहून ठरवावेत. वारा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढला तर उतरायचं नाही. सोबतची होडी दिसेनाशी झाली तर थांबायचं. थरथर सुरू झाली किंवा बोलणं अडखळलं तर नौकेवरच्या माणसाचा शब्द अंतिम. पाण्यात असताना हा वाद घालायचा नाही, कारण थकलेलं मन स्वतःचा अंदाज नीट घेऊ शकत नाही. नियमानुसार परतलेल्या खेळाडूचं प्रशिक्षकानं सर्वांसमोर कौतुक करावं. एकदा ते झालं की बाकीची मुलंही खरं बोलायला लागतात.

अपघातानंतरचं मन

कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या पावलावर पाऊल टाकून अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून २०१३ मध्ये विनाथांबा प्रदक्षिणा पुरी केली. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात टॉमी यांची नौका उलटली, पाठीला गंभीर दुखापत झाली आणि त्यांना वाचवून आणावं लागलं. पुढे तीच शर्यत त्यांनी पुन्हा लढवली आणि २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकानं पूर्ण केली.

अपघातानंतर प्रत्येकानं खेळाकडे परतलंच पाहिजे असं नाही. परतायचं असेल तर पायरी-पायरीनं. बुडता-बुडता वाचलेल्या मुलाला 'भीती मोडायला' दुसऱ्याच दिवशी पुन्हा लाटेत ढकलणं अत्यंत घातक आहे. आधी घडलेलं मोकळेपणानं बोलू द्यावं. मग गुडघाभर पाणी, मग कंबरभर, मग सोबत्याबरोबर थोडं अंतर. प्रत्येक पायरीवर मन निवळेपर्यंत थांबावं. झोप उडणं, तीच घटना पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येणं, चिडचिड, खाण्यावरून मन उडणं हे काही आठवडे टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

प्रत्येक मन वेगळं

एकच साचा सर्वांना चालत नाही. १९८३ मध्ये इंग्लिश खाडी पोहणारे मुंबईचे तारानाथ शेणॉय यांना ऐकू येत नव्हतं. मुंबईच्या जिया रायला ऑटिझम आहे. तिनं मार्च २०२२ मध्ये, तेराव्या वर्षी, तलाईमन्नार ते धनुष्कोडी ही पाल्कची सामुद्रधुनी १३ तास १० मिनिटांत पार केली आणि २०२४ मध्ये इंग्लिश खाडीही. बोलून सूचना घेणं ज्यांना अवघड, त्यांच्यासाठी चित्रं, हाताचे इशारे, रंगीत फलक वापरता येतात. कोणाला उतरण्यापूर्वी शांतता लागते, कोणाला ढोलताशा. कोणाचं मन आकड्यांत रमतं, कोणाचं गाण्यात. प्रशिक्षकानं आधी खेळाडूला ऐकावं, मग साधन निवडावं.

पावसाळ्याचे बारा आठवडे

जूनमध्ये समुद्र खवळतो. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. पोहणाऱ्यांचा आणि कड्यावर जाणाऱ्यांचा सरावही थांबतो आणि ते महिने वाया गेल्यासारखे वाटतात. मनाच्या तालमीला हाच काळ उत्तम आहे.

पहिले दोन आठवडे वही आणि श्वास: रोज दहा मिनिटं लांब श्वास आणि आजवर कुठे घाबरलो, काय मनात आलं याच्या नोंदी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिन्ही प्रकारची ध्येयं लिहून प्रशिक्षकाशी चर्चा. पाचव्यापासून आठव्यापर्यंत मनातला सराव, आधी सोपी दृश्यं, मग अडचणींची. नवव्या-दहाव्या आठवड्यात स्वतःची पाच वाक्यं निवडून ती दमवणाऱ्या व्यायामात, जिन्यावर, धावताना वापरून पाहणं. अकराव्यात सुरुवातीचा क्रम आणि परत फिरण्याचे नियम लिहून पक्के करणं. बाराव्यात तलावात उताणं तरंगण्यापासून इशाऱ्यांपर्यंत सगळ्याची रंगीत तालीम.

हा आराखडा शरीराच्या सरावाची जागा घेत नाही. जीवरक्षक, सोबतची होडी, तरंगणारा रंगीत फ्लोट, हेल्मेट, तपासलेले दोर यांचीही नाही. कणखर मन आणि निष्काळजीपणा एकत्र आले तर धोका वाढतोच.

पालक, प्रशिक्षक आणि संस्थांना विनंती

पालकांनो, मूल किनाऱ्यावरून घरी आल्यावर 'कितवा नंबर आला' हा पहिला प्रश्न विचारू नका. 'आज काय शिकलास, कुठे भीती वाटली' हे विचारा. भीती घरात बोलता आली तरच ती पाण्यात सांगता येते. प्रशिक्षकांनो, आठवड्यातला एक तास मनाच्या सरावासाठी वेळापत्रकात लिहून ठेवा. 'वेळ उरला तर करू' म्हटलं की तो तास कधीच होत नाही. क्लब आणि व्यायामशाळांनो, जवळच्या महाविद्यालयातल्या मानसशास्त्राच्या शिक्षकांना वर्षातून दोनदा तरी बोलवा. मासेमारी करणाऱ्या जाणत्या माणसांना तर नक्कीच बोलवा. समुद्राशी शांतपणे कसं वागायचं, हे त्यांच्याइतकं चांगलं कोणी सांगू शकणार नाही.

आणि खेळाडूंनो, तुम्ही निवडलेली वाट कमी लोकांची आहे, म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही. येत्या पावसाळ्याची वाट पाहू नका. आज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं काढा, वहीचं पहिलं पान उघडा आणि परत फिरण्याचा तुमचा पहिला नियम लिहा. तालीम तिथूनच सुरू करा.